बाजूची सीट

थोरलीचा धंदा गाड्यांच्या सीटा बनवण्याचा, आणि तिला स्वतःला गाडी लागायची. गल्लीत ही गोष्ट इतकी जुनी झाली होती की तिच्यावर कुणी हसतही नसे. फक्त शेजारचे रेडिएटरवाले काका नवं गिऱ्हाईक आलं की न चुकता सांगायचे, "कुशनताईंच्या हातची सीट म्हणजे पाळणा. त्या स्वतः मात्र गाडीत बसताना लिंबू घेऊन बसतात."

"होड्या बांधणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे असं कुठं आहे, काका?" ती तोंडातल्या दोन पिना न काढताच म्हणायची. मग काका हसायचे, गिऱ्हाईक हसायचं आणि भाव ठरायचा.

गल्लीच्या एका अंगाला गॅरेजं, दुसऱ्या अंगाला बॅटरीवाले, पत्रेवाले, टायरवाले. आणि टोकाला, जिथे ऊन उशिरा पोचायचं, तिथे तिचं दुकान. आत गेलं की आधी फोम चिकटवायच्या सोल्युशनचा वास नाकात चढायचा. भिंतीला फोमच्या लाद्या टेकवलेल्या, वर आडव्या नळीवर रेक्झिनची बंडलं, मधोमध बापाच्या वेळचं शिलाई मशीन. बाप गेला तेव्हा थोरली कॉलेजात होती आणि धाकटी शाळेत. कॉलेज सुटलं, दुकान राहिलं. लग्नाचं म्हणाल तर स्थळं आली; पण जो तो दुकानाला भाव द्यायचा, तिला नाही. पुढे स्थळंही यायची थांबली आणि तिला हायसं वाटलं.

बापाची एक रीत तिने जशीच्या तशी ठेवली होती. बाप म्हणायचा, गाडी मोजू नका, माणूस मोजा. उघड्या फोमवर ती खडूची पूड भुरभुरायची, वर तपकिरी कागद अंथरायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "जसे नेहमी बसता तसे बसा." आता, असं सांगितलं की कुठलाच माणूस नेहमीसारखा बसत नाही. पाठ ताठ, पोट आत, परीक्षेला बसल्यासारखा. मग ती दुसरंच काही काढायची. रस्ता कसा आहे, मुलगा काय करतो, गाडी केवढ्याला घेतली. बोलता बोलता माणूस स्वतःला विसरायचा आणि त्याचं अंग खरं बसायचं. कागद उचलला की कागदाच्या मागच्या बाजूला खडू उमटलेला असायचा: कुठे भार, कुठे पोकळी, कोणता खांदा दुखरा. त्या नक्षीबरहुकूम ती फोम तासायची.

आणि सीट बसवून दिल्यावर शेवटचं वाक्यही बापाचंच. "पहिला महिनाभर दुसऱ्या कुणाला बसू देऊ नका. नवा फोम शिकत असतो. एकदा शिकला की विसरत नाही."

जुनी सीट उघडली की म्हणूनच तिला पुष्कळ काही कळायचं. कोण खिशात जाड पाकीट ठेवून बसतो, कोण कायम घाईत असल्यासारखा कडेवर टेकतो. एकदा एका गृहस्थांची बाजूची सीट कोरी करकरीत निघाली, आणि ते तर दर वाक्यात बायकोचं नाव घ्यायचे. थोरलीने काही विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं फोममधून कळलं तरी तोंडातून काढायचं नाही, हा नियम मात्र बापाचा नव्हता. तो तिचा.

*

धाकटी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. बडबडी, बिनधास्त. तिच्या शिकाऊ गाडीत बाजूच्या सीटलाही ब्रेक होता, आणि इतकी वर्षं तो दाबून दाबून तिचा उजवा पाय घरी पाटावर बसल्यावरसुद्धा मधूनच जमीन दाबायचा. शिकणाऱ्यांवर ओरडण्याचं तिचं वाक्य ठरलेलं: "आरसा बघ, मग वळ." घरी कुणी बेताल बोललं की तेच वाक्य फिरवून यायचं: "आरसा बघ, मग बोल."

दोन वर्षांपूर्वी तिने जुनी, लांबट, मागे भरपूर जागा असलेली गाडी घेतली आणि त्याच रविवारी थोरलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, या गाडीने आपण दोघींनी देश ओलांडायचे. एक नाही, चार."

"तुझा नवरा?"

"तो म्हणतो, मला उन्हात भाजून घ्यायची हौस नाही, तुम्ही जा आणि मला फोटो पाठवा."

"आणि मला गाडी लागते ते?"

"तू सीटवाली ना? मग कर काहीतरी."

चेष्टेत काढलेलं बोलणं, पण थोरलीच्या मनात ते रुतून बसलं. तिच्या हातच्या सीटा घाट चढून, सीमा ओलांडून, कुठल्या कुठल्या समुद्रापर्यंत जाऊन आल्या होत्या. ती मात्र गावाबाहेरच्या धरणाच्या पुढे गेली नव्हती.

त्या रविवारपासून बेत सुरू झाला. थोरलीने दुकानातून काळ्या रेक्झिनचा एक मोठा तुकडा आणून स्वयंपाकघराच्या भिंतीवर ठोकला आणि त्यावर शिंप्याच्या खडूने रस्ता काढला. खडू बरा; चुकलं तर ओल्या फडक्याने पुसता येतं. देशांना दोघींनी आपली नावं दिली. नदी ओलांडली की लागतो तो "पलीकडचा". मग बर्फाच्या खिंडीतून जायचं तो "उंचावरचा". तिसरा "उलट्या हाताचा", कारण तिथे गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतात. आणि शेवटी समुद्राला लागून परत वळायचं, तो "खारा". रविवार आला की धाकटी यायची आणि वादाला तोंड फुटायचं. खिंड कधी उघडते, मुक्काम कुठे करायचा, डिझेलचे डबे बरोबर घ्यायचे की नाही. मागच्या सीटा काढून तिथे सामान आणि झोपायला फळी टाकायची, हे मात्र बिनवादाचं ठरलं. म्हणजे गाडीत जागा दोघींनाच.

आई ओट्यापाशी चहा गाळत सगळं ऐकायची. तिचे प्रश्न वेगळेच असायचे. "त्या उंचावर पाणी कसं असतं गं? पोटाला सोसतं का?"

एकदा थोरली हसून म्हणाली होती, "तू कशाला काळजी करतेस? तू इथे आपल्या नळाचं पिणार आहेस." तिघीही हसल्या होत्या. मावशी येऊन आईपाशी राहणार, हे थोरलीने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

खरी अडचण उलट्या हाताच्या देशाची होती. तिथे गेल्यावर धाकटी रस्त्याच्या कडेला येणार आणि बाजूला बसणारी मधोमध. पुढे मोठा ट्रक असला की समोरून काय येतंय ते ड्रायव्हरला दिसणारच नाही. बाजूच्या माणसाने मान काढून बघायचं आणि सांगायचं. "मोकळं" म्हटलं की धाकटी गाडी काढणार, "थांब" म्हटलं की मागे राहणार. बास, दोनच शब्द. तिसरा बोलायचा नाही.

"तिथे माझे डोळे म्हणजे तू," धाकटी म्हणाली. "चुकीचं 'मोकळं' म्हणालीस तर दोघी मोकळ्या होऊ."

थोरलीने हे काम जीव लावून शिकून घेतलं. दुकानातून घरी चालत येताना ती गाड्यांकडे बघून मनात म्हणायची: थांब, थांब, मोकळं. आणि स्वतःसाठी एक सीट केली. आजवर केली नव्हती अशी. वळणावर अंग हेलकावतं, पोट मागे राहतं आणि डोळे पुढे जातात, म्हणून गाडी लागते, हे तिचं तिनेच शोधलं. म्हणून दोन्ही अंगांना उंच कडा घेतल्या, कमरेला धरून ठेवणारा भरीव फोम घातला, मान स्थिर राहील असा उतार दिला. सीट बसवली आणि दोघी वळणावळणाच्या रस्त्याने धरणापर्यंत जाऊन आल्या. लिंबू पिशवीतच राहिलं.

"ताई, तू तर चक्क झोपलीस! घोरत होतीस!"

"घोरत नव्हते."

"बरं बाई, सुरात श्वास घेत होतीस."

बेचाळीस वर्षांत थोरली इतकी हलकी होऊन गाडीतून उतरली नव्हती. त्या दिवशी तिने रेडिएटरवाल्या काकांना पदरच्या पैशाने चहा पाजला. काका म्हणाले, "आता मी गिऱ्हाइकांना काय सांगू? माझा तर धंदाच बसवलात."

*

त्यानंतर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दर शनिवारी दवाखान्यात दाखवायला न्यायचं होतं. शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. धाकटी म्हणाली, "मी नेते. तू दुकान बघ." थोरलीला बहिणीचं कौतुक वाटलं. शनिवारी सकाळी दोघी जायच्या ते दुपार कलल्यावर यायच्या. दवाखान्यात गर्दी फार, आई म्हणायची. डोळ्यावर हिरवी झापड लावून बसलेली आई त्या दिवसांत भलतीच खुशीत असायची. थोरलीला वाटलं, दिसायला लागलं की माणूस असंच होत असेल.

निघायचा महिना जवळ आला तेव्हा धाकटी एका सकाळी गाडी दुकानापुढे लावून म्हणाली, "ताई, बाजूची सीट टकटक वाजते. बोल्ट सैल झालाय बहुतेक. बघून ठेव, मी संध्याकाळी नेते." आणि मागून आलेल्या शिकाऊ गाडीत बसून निघूनही गेली.

बोल्ट सैल होता खरा. थोरलीने तो आवळला. उठता उठता तिला दिसलं की कव्हरची शिवण खिडकीच्या अंगाला ताणली गेली आहे. स्वतःच्या हातची शिवण महिन्या-दोन महिन्यांत ताणली जावी? तिला ते लागलं. सीट सोडवून तिने फळीवर घेतली आणि कव्हर उतरवलं.

फोमने सगळं सांगितलं.

तिच्या मापाची सीट राहिली नव्हती. कमरेचा भरीव भाग खाली दबला होता. भार सगळा खिडकीकडे, आणि डाव्या अंगाला एक वेगळा खळगा, आडवा, लांबट, त्याच्या टोकाला छोटी खोल वाटी. एक पाय दुमडून त्यावर बसणारं माणूस. वाटी टाचेची.

तिने आधी स्वतःलाच समजावलं. शिकायला आलेली एखादी मुलगी असेल. धाकटीची मैत्रीण असेल. पण फोम एका बैठकीत शिकत नाही. दवाखान्यापर्यंतच्या अंतरात तर मुळीच नाही. तासन् तास, पुन्हा पुन्हा, त्याच माणसाने, त्याच पायावर बसून त्याला हे शिकवलं होतं. आणि ती टाच. रोज संध्याकाळी थोरली ज्या गुडघ्याला तेल लावायची त्याच्या खाली ती टाच असायची. आई कुठेही बसली, खुर्चीवर, पलंगावर, पाटावर, तरी डावा पाय अंगाखाली ओढूनच बसायची.

थोरलीने वाटीत अंगठा ठेवला. दुकान जागच्या जागी होतं, फळी जागच्या जागी होती, तरी तिला गाडी लागली. ती मोरीपाशी जाऊन उभी राहिली.

"काय हो, बरं नाही वाटत?" काका डोकावले.

"सोल्युशनचा वास."

"इतक्या वर्षांनी?"

मग तिने मशीनवरचं सगळं काम बाजूला सारलं. दबलेला फोम काढून टाकला आणि नवी लादी कापली. वर खडूची पूड टाकली, कागद अंथरला आणि स्वतः बसली. पण स्वतःचं माप घेताना स्वतःला गप्पांत कोण गुंतवणार? तिने काकांना हाक मारली.

"काका, काहीतरी बोला."

"काय बोलू?"

"काहीही. रेडिएटरचं बोला."

काका बिचारे बोलत राहिले. गळकी नळी, गंजलेली जाळी, पैसे बुडवणारा टेम्पोवाला. मध्येच थांबून म्हणाले, "ताई, अशा काय बसलात? फोटो काढायला बसल्यासारख्या?"

कागद उचलला तेव्हा खडू जवळपास सरळ रेषेत उमटला होता. तसाच तासला तिने फोम. दोन्ही कडा आधीपेक्षा उंच, कणखर. माणसाने पाय पुढे सोडून ताठ बसलं तर सीट उत्तम. जरा पाय वर घ्यायला गेलं की कड थेट गुडघ्यात. दुसऱ्या कुणाला तिच्यात बसता येईल, पण मुक्काम करता येणार नाही, अशी.

संध्याकाळी धाकटी आली. "झालं?"

"झालं. आता वाजणार नाही."

"किती गं करतेस माझ्यासाठी," धाकटी म्हणाली, आणि ते इतकं सहज म्हणाली की थोरलीला तिच्या तोंडाकडे बघवलं नाही.

*

शनिवारी दुकान अर्ध्यावर बंद करून थोरली घरी येऊन बसली. दुपार कलताना जिन्यावर आईची पावलं वाजली. एक पाऊल नेहमीचं, एक ओढलेलं. मागे धाकटी, हातात आईची पिशवी.

"अगं, तू घरी कशी?" आई दारातच थबकली.

"काम कमी होतं. लंगडतेस का?"

"काही नाही. त्या दवाखान्यातली खुर्ची मेली. इतका वेळ बसवून ठेवतात."

"ये, तेल लावते."

आई पलंगावर बसली, सवयीने पाय वर घ्यायला गेली आणि कळवळली. गुडघा लाल झाला होता, बाजूला कडेचा वळ. थोरलीने हातावर तेल घेतलं आणि चोळायला लागली.

"आधी बरी होती का गं खुर्ची?" थोरलीने विचारलं.

"आधी कशी मऊ होती. पाय घेऊन बसलं की डोळा लागायचा," आई डोळे मिटून म्हणाली. "आता काय केलंय कोण जाणे, नुसती बोचते. तिच्या कडाच केवढ्या वाढवल्यात..."

आणि ती थांबली. दवाखान्यातल्या खुर्च्यांना कडा नसतात. धाकटीचा उजवा पाय जमीन दाबत राहिला, जणू तिथे ब्रेक होता.

"कुठपर्यंत गेला होतात?" थोरलीने विचारलं. हात गुडघ्यावर चालूच होता.

"ताई, ऐक ना..."

"कुठपर्यंत?"

"धरणाच्या पुढे," धाकटी म्हणाली. "घाटाच्या माथ्यापर्यंत. सवय व्हावी म्हणून."

"'मोकळं' आणि 'थांब' पण शिकवलंस?"

धाकटी पिशवीचे बंद गुंडाळायला लागली. म्हणजे शिकवलं होतं.

"माझे कागद? सीमा ओलांडायच्या परवान्यासाठी दिलेस ना?"

"तुझे... अजून दिले नाहीत गं."

"अजून?"

"दिलेच नाहीत. आईचे दिले."

थोरलीने तेलाची बाटली बंद केली. झाकण नीट बसेपर्यंत फिरवलं. "आणि मावशी? ती तर यायला तयार होती."

"तिला मीच नको म्हणून कळवलं," आई म्हणाली. आता तिने डोळे उघडले होते. नवा डोळा स्वच्छ, चकचकीत, आणि त्यात लपवाछपवी उरली नव्हती.

धाकटी घाईघाईने पुढे झाली. "ताई, तुला गाडी लागते. चार देश म्हणजे काय खायचं काम आहे का? खिंडीत तुला काही झालं असतं तर..."

"धरणापर्यंत मी झोपले होते. घोरत होते म्हणालीस."

"ते जवळ होतं. म्हणून आम्हाला वाटलं..."

"आरसा बघ, मग बोल," थोरली म्हणाली.

धाकटीचा चेहरा पडला. ती खाली बसली.

"तिला कशाला बोलतेस? मी मागे लागले," आई म्हणाली. "दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर देश काढलेत तुम्ही. मी चहा केला. नदी ओलांडलीत, बर्फ ओलांडलंत, समुद्रात पाय घातलेत. एकदा तरी विचारलंत, आई, तुला यायचंय का?"

"तू बोलली नाहीस."

"मी पाण्याचं विचारलं. तू म्हणालीस, तू नळाचं पी."

थोरलीला ते वाक्य आठवलं, त्याच्या मागचं हसणंही आठवलं. तिला ते तेव्हा बोचलं नव्हतं, आता बोचलं. पण म्हणून फोमातला खळगा भरून आला नाही.

"मग तेव्हाच सांगायचंस. मला यायचंय म्हणून."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. लगेच." आईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "दुकान तू सांभाळलंस. मला तू सांभाळलंस. हिचं लग्न तू लावलंस. त्यावर आणखी ही जागा दिली असतीस, आणि मला ती प्रत्येक घासाला आठवली असती. इतके उपकार मला पेलत नाहीत गं."

"उपकार पेलत नाहीत," थोरली म्हणाली, "आणि चोरी पेलली?"

आईने पाय आखडून घेतला.

"केव्हा सांगणार होतात मला?"

"निघायच्या आधी," धाकटी म्हणाली.

"किती आधी?"

थोरली उठली, तेलाचे हात धुतले आणि बराच वेळ धूत राहिली. विचारलं असतं तर ती खरंच हो म्हणाली असती? कदाचित. कदाचित भांडं आपटून नाही म्हणाली असती, आठ दिवस अबोला धरला असता, आणि मग हो म्हणाली असती. आता ते कुणालाच कळणार नव्हतं, तिलाही नाही. जागा घेतली ती घेतलीच, पण तिचं उत्तरही तिला न विचारता या दोघींनी देऊन टाकलं होतं. परकं माणूस फसवतं तेव्हा निदान तोंड उघडून शिव्या देता येतात. इथे दातही आपले आणि ओठही आपलेच.

*

पुढचे दिवस घरात ताटं वाजली, नळ वाजला, माणसं वाजली नाहीत. आईच्या गुडघ्याची सूज उतरली नाही. थोरली तेल लावायची; ते चुकवलं नाही. फक्त लावताना बोलायची नाही.

निघायला आठवडा उरला तेव्हा धाकटी दुकानात आली. उंबऱ्यातच उभी राहिली. काकांनी तिला बघून मान आत घेतली. गल्लीत सगळ्यांना सगळं कळतं.

"ताई, जायचं रद्द करू का?"

"कशाला?"

"त्या सीटवर आईला बसता येत नाही. दुसरीकडे दाखवली. ते म्हणाले, कुशनताईंच्या कामाला आम्ही हात लावणार नाही." तिचे डोळे भरून आले. "मागू कुठल्या तोंडाने?"

"मागू नकोस," थोरली म्हणाली. "उद्या गाडी घेऊन ये. आणि गिऱ्हाइकाला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आई दुकानात आली. बाप असतानाही ती क्वचितच यायची. तिने इकडे तिकडे बघितलं, मशीनवरून हात फिरवला आणि काढून घेतला. थोरलीने फोमवर खडू टाकला, कागद अंथरला.

"जसे नेहमी बसता तसे बसा."

आईने चमकून वर बघितलं. जन्मात लेकीने तिला असं म्हटलं नव्हतं. ती बसली, पाय दुमडून, पण ताठ. पाठ ताठ, मान ताठ. इथे थोरली एरवी काहीतरी बोलायची. रस्ता कसा आहे, मुलगी काय करते. ती बोलली नाही. हातातली कात्री खाली ठेवून नुसती उभी राहिली. हळूहळू आईचा एक खांदा उतरला. मग दुसरा. मग हनुवटी छातीवर आली, आणि ती अगदी हलक्या आवाजात रडायला लागली. थोरलीने ते संपेपर्यंत वाट बघितली आणि कागद उचलला. नक्षी स्वच्छ उमटली होती.

"बास," ती म्हणाली. "झालं माप."

फोम झाला. कव्हरला काळं रेक्झिन लागणार होतं, आणि बंडल संपलं होतं. ती घरी गेली, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे खिळे काढले आणि तुकडा गुंडाळून आणला. ओल्या फडक्याने पुसला. नदी गेली, बर्फ गेलं. पण दोन वर्षं राहिलेला खडू रेक्झिनच्या सुरकुत्यांत शिरतो. उजेडात तिरका धरला की पुसट वाट दिसतच राहते. तिने त्यावर साचा ठेवला आणि कापायला घेतलं. उंचावरचा देश पाठीत गेला, पलीकडचा बैठकीत. उलट्या हाताचा मधोमध कापला गेला. उरलेल्या चिंध्या तिने झाडूने एका कोपऱ्यात लोटल्या.

तिची स्वतःची सीट, उंच कडांची, तिने दुकानाच्या दाराशी दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवली.

निघायच्या सकाळी धाकटीने गाडी गल्लीत आणली. आई आत बसली. पाय वर घेतला, अंग खिडकीकडे टेकवलं, आणि तिचा चेहरा आपोआप सैल झाला. सीट इतकी तिची होती. मग तिची नजर रेक्झिनवर गेली. पुसट रेघेवर तिने बोट ठेवलं, आणि उचललं.

थोरलीने बाहेरून दार लावलं. काच खाली होती.

"पहिला महिनाभर दुसऱ्या कुणाला बसू देऊ नका," ती म्हणाली.

गाडी वळली. वळताना धाकटीने आरशात बघितलं. थोरलीला ते दिसलं. तिने हात हलवला नाही, पण आतही गेली नाही.

*

फोन यायचे. खिंड उघडी होती. उंचावरचं पाणी आईला सोसलं. मग एका दुपारी धाकटीचा आवाज उलट्या हाताच्या देशातून आला, वाऱ्यात विरत, उत्साहाने फुटलेला. "ताई, आई काय 'मोकळं' म्हणते गं! एकदा चुकली नाही! थांब, तिला देते."

थोरली तेव्हा दाराशी, त्या उंच कडांच्या सीटवर बसली होती. रस्त्यासाठी केलेली सीट. गाडीबाहेर ठेवली की माणूस थोडा मागे रेलतो आणि समोर नुसतं आभाळ दिसतं. शिलाईच्या कामाची नाही. काकांनी दोनदा विचारलं होतं, ही कुणाची ऑर्डर? ती म्हणाली होती, गिऱ्हाईक आलंच नाही.

"सीट चांगली झाली गं," आई म्हणाली. "तू रागावलीयस का अजून?"

गल्लीतून एक ट्रक गेला. त्याच्यामागे एक छोटी गाडी चुळबुळत होती, पुढे जायला बघत होती. थोरलीने मान काढून बघितलं. समोरून कुणी येत नव्हतं. ओठांवर शब्द आला आणि ओठांवरच राहिला. तिकडे त्यासाठी दुसरं माणूस होतं.

"गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली. "ठेवते."

दुकानात कुणी नव्हतं. काकांनी शेजारून डोकावून बघितलं, तिला त्या सीटवर पाय सोडून ताठ बसलेली पाहिलं, आणि या वेळी काही न विचारता मान आत घेतली.